उद्दिष्ट लिहिण्याआधी मुलांची नावं लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खटाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत एक मॅडम पदोन्नतीनं मुख्याध्यापक म्हणून रुजू झाल्या आहेत. शाळेत सहावी ते आठवीचे वर्ग आहेत. मागच्या वर्षीच्या विकास आराखड्यात ३४ उद्दिष्टं होती आणि वर्षभरात त्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. आता नवा आराखडा लिहायचा आहे. उद्दिष्टं किती ठेवायची, ती ठरवायची कशी, आढावा कधी आणि कसा घ्यायचा? शिवाय ‘आढावा’ म्हटलं की शाळेतल्या शिक्षकांच्या कपाळावर आठ्या येतात, त्याचं काय करायचं?

मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं मुख्याध्यापक म्हणून आणि शेवटची काही केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा प्रमुख, म्हणून. मी लिहिलेल्या पहिल्या आराखड्यात २७ उद्दिष्टं होती. ‘सर्व विद्यार्थी १०० टक्के प्रगत करणे’, ‘वाचनसंस्कृती रुजवणे’, ‘शालेय परिसर हरित करणे’ अशी वाक्यं होती. अक्षर सुरेख होतं, फाइल कपाटात होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत मी सातवीच्या वर्गावर बदली तासाला गेलो आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीला धडा वाचायला सांगितला. तिनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि गप्प उभी राहिली. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, ‘सर, तिला जोडाक्षरं येत नाहीत.’ ती मुलगी तीन वर्षं माझ्याच शाळेत होती. हजेरीत ती होती, पोषण आहाराच्या नोंदीत होती, परीक्षेच्या निकालपत्रातही होती. माझ्या २७ उद्दिष्टांत मात्र ती कुठंच नव्हती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चाललो: ज्या उद्दिष्टाखाली मुलांची नावं लिहिता येत नाहीत, ते शाळेच्या कागदावर घ्यायचं नाही. पुढं जे सांगतोय ते सगळं यातूनच आलेलं आहे.

आधी कागदाचा गुंता सोडवू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा ही समिती करते. हा आराखडा तीन वर्षांचा, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा. त्यात काय मागितलेलं असतं ते नीट वाचा: वर्गवार पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोल्या आणि सुविधा किती, पैसा किती. म्हणजे मुळात तो गरजांचा आराखडा आहे. त्याच्यावर अनुदान ठरतं, म्हणून तो तसाच असायला हवा. पण आपण त्याच कागदात मुलांच्या शिकण्याची उद्दिष्टंही कोंबतो. मग ‘संरक्षक भिंत बांधणे’ आणि ‘भागाकार येणे’ एकाखाली एक येतात. भिंत दिसते, भागाकार दिसत नाही, त्यामुळं चर्चा भिंतीवरच संपते.

दुसरी भर शाळासिद्धीनं, म्हणजे शाळेनं स्वतःचं मूल्यमापन करायच्या केंद्राच्या योजनेनं, घातली. ती २०१५ साली आली, तिच्यात ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं. स्वतःच्या शाळेकडं चहूबाजूंनी पाहायला ती चांगली होती. पण आपल्यापैकी अनेकांनी प्रत्येक मानकासमोर एक सुधारणा लिहिली आणि आराखडा फुगत गेला. तुमच्या ३४ उद्दिष्टांचं मूळही बहुतेक अशाच एखाद्या तक्त्यात सापडेल.

तेव्हा दोन कागद करा. कायद्याचा आराखडा त्याच्या नमुन्यात, नीट आकड्यांसह, समितीच्या ठरावासह द्या. त्यात कुचराई नको, कारण शाळेला खर्चासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान असो की ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातला हिस्सा, मागणी लेखी नसेल तर हाती काही येत नाही. आणि शिकण्याच्या उद्दिष्टांचं एक वेगळं पान करा. एकच पान, पाठपोट नको. त्यावर दोन उद्दिष्टं, फार तर तीन. तीन-चार शिक्षकांची शाळा वर्षात याहून जास्त गोष्टी मनापासून बदलू शकत नाही. कुणी ‘इतकीच का?’ म्हणालं तर बाकीची रोजची कामं आहेत, ती चालूच राहणार, असं सांगा. झाडं लावायची आहेतच, पण त्यासाठी उद्दिष्ट कशाला?

आता ती दोन कुठली, हे जूनमध्ये टेबलाशी बसून ठरत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाबरोबर सात-आठ मिनिटं एकट्यानं बसा. सगळ्या शिक्षकांनी मुलं वाटून घ्या. वरून येणारी पायाभूत चाचणी होईलच, तिचा उपयोग आहे. पण चाचणीत चूक दिसते, चूक कशी झाली ते दिसत नाही. मुलाला तिसरीच्या पातळीचा एक उतारा मोठ्यानं वाचायला द्या आणि वाचल्यावर त्यात काय होतं ते त्याच्या भाषेत सांगायला लावा. मग हातच्याची एक वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं एक उदाहरण, आणि ‘अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून किती?’ एवढंच. सहावी-सातवीच्या मुलाला तिसरीचा उतारा देणं हा त्याचा अपमान वाटत असेल तर तो आपल्या शिक्षकांना वाटतो, मुलाला नाही. मुलाला कुणीतरी शेजारी बसून ऐकतंय याचंच अप्रूप असतं.

मी हे पहिल्यांदा नीट केलं त्या वर्षी शाळेत सहावी ते आठवीचा पट ५८ होता. त्यातल्या २३ मुलांना भागाकार येत नव्हता. आकडा ऐकून स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य आलं: ‘पाढे पाठ नाहीत हो यांचे.’ उपायही तयार होता, रोज परिपाठानंतर पाढे. मी म्हटलं, एक आठवडा थांबू, आधी त्यांच्या वह्या बघू.

एका मुलाला ८२४ भागिले ४ दिलं होतं. उत्तर होतं २६. दुसऱ्याला ७३५ भागिले ७, उत्तर १५. पाढे चोख होते. चार दुणे आठ बरोबर, चार सक चोवीस बरोबर. मधल्या दोनाला चारानं भाग जात नाही म्हटल्यावर त्यानं पुढचा चार खाली घेतला, चोवीस केले आणि सहा लिहून मोकळा झाला. भागाकारात शून्य लिहायचं राहून गेलं. आठशे चोवीस रुपये चौघांत वाटले तर प्रत्येकाला सव्वीसच रुपये कसे मिळतील, हा प्रश्न त्याला पडलाच नाही, कारण त्याच्या लेखी तो आठ म्हणजे आठशे नव्हता, नुसता आठ होता. २३ मुलांची अशी वाटणी केली तेव्हा ९ जणांची अडचण या शून्याची, म्हणजे स्थानिक किमतीची निघाली. ६ जणांची वजाबाकी कच्ची होती, ५ जणांचे पाढे खरोखरच कच्चे होते आणि ३ मुलांना उदाहरणाचं वाक्यच वाचता येत नव्हतं. आम्ही सगळ्यांना पाढे घोकायला लावले असते तर २३ पैकी ५ मुलांचं औषध २३ जणांना पाजलं असतं.

त्या नऊ जणांसाठी आम्ही खोट्या नोटा केल्या. शंभराच्या, दहाच्या आणि रुपयाची नाणी. आठशे चोवीस रुपये चार मुलांत प्रत्यक्ष वाटायचे. शंभराच्या आठ नोटा, प्रत्येकाला दोन. दहाच्या दोनच नोटा आणि माणसं चार, म्हणजे दहाची नोट कुणालाच नाही. हे ‘कुणालाच नाही’ मोठ्यानं म्हणायचं आणि दशकाच्या घरात शून्य लिहायचं. मग त्या दोन नोटा मोडून वीस नाणी घ्यायची, आधीची चार मिळवून चोवीस, प्रत्येकाला सहा. नऊपैकी सहा मुलांच्या वहीत हे शून्य तीन आठवड्यांत आपसूक दिसायला लागलं. बाकीच्यांना वेळ लागला.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की उद्दिष्टाचं अर्धं काम इथं होतं, आणि आपण नेमकी हीच पायरी ओलांडून जातो. ‘किती मुलांना येत नाही’ इथपर्यंत येऊन आपण थेट ‘किती टक्के करणार’ यावर उडी मारतो. मधला प्रश्न राहतो, ‘कुठं अडलंय?’ २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातले शिक्षक साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या गटातल्या, शाळा बघायला येत होते. मीही गेलो होतो. पुष्कळांनी परत जाऊन फरशा रंगवल्या, भिंती रंगवल्या. माझ्या मनात राहिलं ते वेगळं होतं. तिथल्या बाईंना प्रत्येक मूल नेमकं कुठल्या पायरीवर आहे हे वही न बघता सांगता येत होतं.

आता उद्दिष्टाचं वाक्य. त्यात कोण, काय, कधीपर्यंत आणि ते कशावरून कळणार एवढं असावं. आमचं वाक्य असं होतं: ‘सोबतच्या यादीतल्या २३ मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता यावं आणि उत्तर गुणून पडताळता यावं. सप्टेंबरअखेर किमान १०, जानेवारीत १६, मार्चमध्ये २०. त्या वर्गाला न शिकवणाऱ्या शिक्षकानं मुलाला एकट्याला बसवून घेतलेल्या तीन उदाहरणांवरून हे ठरेल.’ आणि त्याखाली दुसरी ओळ, मोठ्या माणसांची: ‘गणिताच्या तासातली पहिली १५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, चार गटांत काम. कोणता गट कुणाकडं हे ठरलेलं.’ ही दुसरी ओळ नसेल तर पहिली ओळ म्हणजे मुलांवर टाकलेलं ओझं. सप्टेंबरमध्ये आढाव्याला बसाल तेव्हा आधी या दुसऱ्या ओळीची विचारपूस करायची, मग पहिलीची.

२३ पैकी २३ का नाही लिहिलं? कारण यादीत दोन मुलं अशी होती की ज्यांना विशेष शिक्षकांची मदत लागणार हे जूनमध्येच दिसत होतं. त्यांच्यासाठी वेगळी पायरी ठरवली. ‘१०० टक्के’ लिहिण्याचा मोह फार असतो आणि वरूनही तोच आकडा आवडतो. पण एकदा तो लिहिला की मार्चमध्ये खरं बोलायची सोय राहत नाही. मग मुलं पास होतात आणि शिकत नाहीत. आता तर २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि त्यावर पुढच्या वर्गात जाणं ठरतं. आठवीत कळून काय उपयोग? सहावीत खरं बोललेलं बरं.

दुसरं उद्दिष्ट बहुतेक शाळांत उपस्थितीचं निघतं, तुमच्याकडंही निघेल. इथंही सरासरीत फसू नका. उच्च प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी असं कायदा सांगतो. शाळा २२० दिवस भरते, पण प्रत्येक मूल किती दिवस येतं? मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक घेऊन १६० दिवसांपेक्षा कमी आलेल्या मुलांची यादी काढा, आणि प्रत्येक नावासमोर ते कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी आलं नाही ते लिहा. चित्र लगेच उभं राहतं. आठवडी बाजाराच्या दिवशी कोण गायब, घरातली जनावरं कुणाकडं, दिवाळीनंतर मेंढरांमागं कुणाचं कुटुंब बाहेर पडतं. मार्गशीर्षात, साधारण डिसेंबरच्या आसपास, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडचा रथ, त्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे राहणारच. त्या आठवड्यात चाचणी ठेवू नका आणि त्यासाठी मुलांना रागावूही नका. सांगली जिल्ह्यात वाळवा, पलूसकडं तर उलट होतं. कारखाने सुरू झाले की बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात आणि पटावर नसलेली मुलं फडावर दिसतात. त्यांना वर्गात आणणं हे तिथल्या शाळेचं खरं उद्दिष्ट. जतच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेत घरी कन्नड बोलणारी मुलं असतात, तिथं वाचनाचं उद्दिष्ट घरची भाषा लक्षात घेतल्याशिवाय ठरवताच येत नाही. म्हणून दुसऱ्या शाळेचा आराखडा आणून नाव बदलू नका, ती शेजारच्या वाडीतली असली तरी.

आठवीच्या मुली महिन्यातून ठरावीक दिवस येत नाहीत असं दिसलं तर प्रेरणेची भाषणं बाजूला ठेवा आणि आधी स्वच्छतागृहात पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, वापरलेलं पॅड टाकायची जागा आहे का, हे एखाद्या मॅडमना बघून यायला सांगा. माझ्या एका शाळेत नुसती कडी नव्हती. ती बसवायला एक दुपार लागली.

आढाव्याकडं येतो, कारण तुमचा खरा घोर तोच आहे.

तारखा जूनमध्येच ठरवा आणि त्या पानावरच लिहा. पहिला आढावा जुलैच्या शेवटच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, फक्त पाऊण तास. त्यात निकाल बघायचा नाही, ठरलेलं काम सुरू झालं का एवढंच बघायचं. दुसरा सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पहिल्या संकलित चाचणीच्या आधी. नंतर घेऊ नका, कारण चाचणी, निकाल, दिवाळीची सुट्टी यात तो वाहून जातो. तिसरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती करतोच. त्यांचं जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. भाषणं झाल्यावर त्याच आठवड्यात एक तास यादीतल्या मुलींसाठी आणि मुलांसाठी द्यावा, असा माझा शिरस्ता होता. चौथा मार्चमध्ये. तासगावचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणी केल्यावर रोज पान उलटून बघतो, घड धरायची वाट बघत नाही. मार्चमधला आढावा म्हणजे घड मोजणं. पान बघायचं ते सप्टेंबरात, आणि चारांत महत्त्वाचा आढावा तोच.

टेबलावर काय ठेवायचं? मुलांच्या वह्या. तक्ते, आलेख, फाइली नकोत. यादीतल्या पाच मुलांच्या वह्या, जूनचं पान आणि सप्टेंबरचं पान शेजारी उघडून ठेवायचं. बोलणं आपोआप मुलाकडं वळतं. आणि क्रम ठेवा: काय ठरवलं होतं, त्यातलं प्रत्यक्षात काय झालं, मुलांच्या कामात काय दिसतंय, पुढच्या सहा आठवड्यांत काय बदलायचं. शेवटचं लिहून काढल्याशिवाय उठायचं नाही, आणि ते दोन ओळींपेक्षा जास्त नसावं.

शिक्षकांना ती तपासणी वाटते, कारण आजवर ती तपासणीच होती. हे एका बैठकीत जाणार नाही. मला ज्याचा उपयोग झाला ते सांगतो. पहिल्यांदा स्वतः बोला, आणि स्वतःचं राहिलेलं काम सांगा. माझ्या जबाबदारीत एक गट होता आणि मिटिंगा, माहिती भरणं यात मी तो आठवड्यातून दोनदाच घेत होतो. मी ते सप्टेंबरच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर एक गुरुजी, जे दोन वर्षं बैठकीत तोंड उघडत नव्हते, म्हणाले, ‘सर, माझाही गट बसत नाही. मतदार यादीच्या कामात माझे शनिवार जातायत.’ कायद्यानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना लावता येतात, त्यावर आपल्या हातात फार काही नसतं. पण ही अडचण सप्टेंबरमध्ये कळली म्हणून आम्ही त्यांचा गट दुसऱ्या मॅडमना दिला आणि त्या मॅडमचा परिसर स्वच्छतेचा तास गुरुजींनी घेतला. मार्चमध्ये कळली असती तर ते फक्त एक कारण ठरलं असतं.

आढाव्यातला एकही शब्द शिक्षकांच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, हे तुम्ही आधीच सांगा आणि पाळा. एकदा जरी मोडलंत तर पुढं तुम्हाला फक्त छान छान आकडे मिळतील.

मुलांची पडताळणी शिक्षकांनी अदलाबदल करून करावी. सातवीच्या सरांनी सहावीची पाच मुलं बघायची, सहावीच्या मॅडमनी आठवीची. यात अविश्वास नाही. आपल्या वर्गातलं मूल अडखळलं की आपण नकळत अर्धं उत्तर सांगून टाकतो, मीही सांगायचो. दुसरा शिक्षक गप्प बसून ऐकतो.

उद्दिष्टाप्रमाणे झालं नाही तर? आमचेही सप्टेंबरमधले १० पूर्ण झाले, पण जानेवारीच्या १६ वर आम्ही अडकलो, १३ च झाले. तेव्हा विचारायचं ते एवढंच: ठरलेलं काम झालंच नाही का? झालं, पण चुकीच्या जागी झालं का? की बरोबर झालं आणि वेळ कमी पडला? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. आमच्या बाबतीत वजाबाकीचा गट चुकीच्या जागी होता. आम्ही त्यांच्याकडून पानंच्या पानं उदाहरणं सोडवून घेत होतो आणि त्यातल्या एका मुलाला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. शालेय आरोग्य तपासणीत चष्मा लागला. उद्दिष्टाचा आकडा मात्र आम्ही खाली आणला नाही, रीत बदलली. मार्चमध्ये १९ झाले. २० लिहिलं होतं, १९ झाले, तसंच लिहून दिलं. कधी उद्दिष्टच चुकलंय असं कळतं, तेव्हा ते जरूर बदला. फक्त जुनं खोडू नका, शेजारी तारीख घालून नवं लिहा.

व्यवस्थापन समितीपुढं हे कसं मांडायचं? टक्के सांगितले की पालक माना डोलावतात आणि चहा येतो. मी एकदा सांगितलं, ‘आपल्या शाळेतल्या २३ पोरांना ऊसाचं बिल चौघा भावांत वाटता येत नाही.’ समिती जागची हलली. एका आजोबांनी विचारलं, ‘मग आम्ही काय करायचं?’ हा प्रश्न आला की उत्तर तयार ठेवा, लहान आणि घरात करता येईल असं. आम्ही सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा घरातला हिशोब पोराला करायला द्या, किराणाचा, दुधाच्या डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाचा. समितीतल्या महिलांना आधी बोलू द्या, नाहीतर अध्यक्ष आणि माजी सरपंच यांच्यातच सभा संपते. एक पथ्य कडक पाळा: यादीतली नावं समितीत वाचायची नाहीत, सूचना फलकावर लावायची नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर कधीच टाकायची नाहीत. ती शिक्षकांची यादी आहे. पालकांना आपापल्या मुलाबद्दल एकेकट्यानं सांगायचं, आणि तेही ‘येत नाही’ म्हणून नको, ‘इथपर्यंत आलंय, आता हे शिकतोय’ असं.

मुलांना मात्र सांगा. सहावी-सातवीची मुलं काही लहान नाहीत. ‘तुझं शून्य राहतंय, दिवाळीपर्यंत ते पक्कं करायचं’ इतकं साधं बोललं तर मूल स्वतःहून वही घेऊन मागं लागतं. आमच्याकडच्या एका मुलानं ज्या दिवशी पाच उदाहरणं बरोबर आली त्या दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून सही केली आणि मला खाली सही करायला लावली. मग सगळ्यांनीच तसं सुरू केलं. आम्ही ते सुचवलं नव्हतं.

शिष्यवृत्ती, एन.एम.एम.एस. (आठवीतल्या आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा) यांचे निकाल उद्दिष्टात घालावेत का, असा प्रश्न तुम्हाला गावातून नक्की येईल. त्या परीक्षांची तयारी जरूर करून घ्या. गुणवत्ता यादीत नाव आलं की गावाचा शाळेवर विश्वास बसतो, पट टिकतो, हे मी नाकारत नाही. पण त्या पानावर ते घालू नका. तिथं जी मुलं येतील ती आधीच चालणारी असतात, आणि तीन-चार शिक्षकांचा वेळ एकदा त्या बाजूला वळला की मागच्या बाकावरची मुलगी पुन्हा मागंच राहते.

एक आढावा असा आहे जो कुणीही मागत नाही आणि मी दरवर्षी घेत असे. आठवी झाली की आपली मुलं नववीला जवळच्या माध्यमिक विद्यालयात जातात. ऑगस्टच्या शेवटी तिथं जा, गणिताच्या आणि मराठीच्या शिक्षकांबरोबर अर्धा तास बसा आणि विचारा, आमच्याकडून आलेली पोरं कुठं अडतात? मला पहिल्या वर्षी जे ऐकायला मिळालं ते कडू होतं. ‘सर, तुमची मुलं उत्तर पाठ करून येतात, पण प्रश्नाची वाक्यं बदलली की थांबतात.’ पुढच्या वर्षीचं आमचं दुसरं उद्दिष्ट त्यावरूनच ठरलं, शाब्दिक उदाहरण वाचून ते स्वतःच्या शब्दांत सांगणं.

आणि वर्षाच्या शेवटी, १ मे रोजी निकाल वाटण्याआधी, ती यादी पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या. प्रत्येक नावासमोर एक ओळ: हे मूल कुठं होतं, कुठवर आलं, पुढं काय हवं. एक प्रत शाळेत ठेवा, कारण बदल्या होतात, तुमचीही होईल. माझी बदली झाली तेव्हा माझ्या जागी आलेल्या मॅडमना मी कपाटाच्या किल्ल्या आणि ते पान एकदमच दिलं. जूनमध्ये त्यांचा फोन आला, ‘सर, यादीतली ती चार मुलं मी पहिल्याच दिवशी शोधून काढली. त्यातली एक आली नाही, मेंढरांबरोबर अजून बाहेर आहे म्हणतात. कुठल्या गावाकडं असेल?’